आम्लजलातील सूक्ष्मजीव समुदाय : एका वैज्ञानिक संकल्पनेचा इतिहास आणि महाराष्ट्राचा संदर्भ

सारांश : अतिआम्लधर्मी पाण्यात राहणाऱ्या सूक्ष्मजीवांचा शोध प्रथम 'एक विशिष्ट जीवाणू' या स्वरूपात लागला. हे आम्ल अनेक सूक्ष्मजीवांच्या परस्परावलंबी समुदायाचे कार्य आहे, ही जाणीव त्यानंतर अर्धशतकाने स्थिर झाली. प्रस्तुत लेखात या वैचारिक प्रवासाचा आढावा घेतला आहे. त्यातील पुण्याच्या संशोधनाचे स्थान, तसेच महाराष्ट्र व लगतच्या प्रदेशातील खडक व खाणी यांच्याशी असलेला या विषयाचा संबंध स्पष्ट केला आहे.

१. प्रस्तावना

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागातील कर्जत आणि खालापूर हे तालुके सह्याद्रीच्या पायथ्याशी वसलेले आहेत. कर्जत तालुक्यातील कळंबच्या परिसरातील ओढे उल्हास नदीच्या खोऱ्यात उतरतात, तर खालापूरच्या बाजूचे बरेचसे पाणी पाताळगंगेला मिळते. हा सर्व प्रदेश बेसॉल्टचा म्हणजे काळ्या पाषाणाचा आहे. येथील ओढ्यांचे पाणी लिंबाच्या रसाइतके किंवा त्याहून अधिक आम्ल असल्याचे कधी कोणी ऐकलेले नाही. जगात मात्र अशी पाणी वाहतात. स्पेनमधील रिओ तिंतो ही सुमारे १०० किलोमीटर लांबीची नदी तांबड्या रंगाची असून तिच्या पाण्याचा सामू २ ते २.५ च्या आसपास असतो. कॅलिफोर्नियातील आयर्न माउंटन येथील खाणीत तर शून्याच्याही खाली, उणे ३.६ इतका सामू असलेले पाणी आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले. अशा पाण्याच्या परिसरात जीवसृष्टी टिकते, इतकेच नव्हे तर ते पाणी आम्ल होण्यास बऱ्याच अंशी ती जीवसृष्टीच कारणीभूत असते.

हा निष्कर्ष आज पाठ्यपुस्तकात सहज वाचावयास मिळतो. परंतु तेथवर पोहोचण्यास विज्ञानाला दीर्घ काळ लागला आणि त्या मार्गात एक महत्त्वाचे वळण आले. ते वळण समजून घेतल्याशिवाय खाणींच्या आम्लजलाचा प्रश्न का सुटत नाही, हे नीट उमगत नाही.

२. अभ्यासाची उद्दिष्टे व पद्धती

प्रस्तुत अभ्यासाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :

(अ) आम्लप्रिय सूक्ष्मजीवांविषयीच्या ज्ञानाचा ऐतिहासिक क्रम मांडणे.
(ब) 'एक जीवाणू' या कल्पनेपासून 'समुदाय' या संकल्पनेपर्यंतचे स्थित्यंतर स्पष्ट करणे.
(क) महाराष्ट्र व लगतच्या प्रदेशाच्या संदर्भात या ज्ञानाचे महत्त्व तपासणे.

अभ्यासासाठी वर्णनात्मक व ऐतिहासिक पद्धतीचा अवलंब केला असून तो दुय्यम साधनांवर आधारित आहे.

३. सूक्ष्मजीवशास्त्रापूर्वीचे ज्ञान : हिराकस आणि मोरचूद

आम्लजलाचे कारण ज्ञात होण्यापूर्वी कित्येक शतके त्याची उत्पादिते लोकांच्या वापरात होती. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट. शाई आणि रंगकामात त्याचा उपयोग होत असे. मोरचूद म्हणजे तांब्याचे सल्फेट. द्राक्षबागांवर फवारल्या जाणाऱ्या बोर्डो मिश्रणामुळे आजही ते शेतकऱ्यांच्या परिचयाचे आहे. 'रसरत्नसमुच्चय' या रसशास्त्रावरील ग्रंथात माक्षिक आणि सस्यक यांची गणना महारसांत, तर गंधक आणि कासीस यांची गणना उपरसांत केलेली आहे. माक्षिक हे लोह, तांबे व गंधक यांचे खनिज. त्याच्याशी संबंध असलेले कासीस म्हणजे हिराकस, आणि सस्यक म्हणजे मोरचूद. सल्फाइड वर्गातील दगड उघड्यावर पडला, त्याला हवा व पाणी लागले, की कालांतराने त्यावर या क्षारांचा थर जमतो.

युरोपातही हेच ज्ञान व्यवहारात होते. रिओ तिंतोच्या खाणीतील निळसर पाण्यात लोखंडाचे तुकडे टाकले असता त्यांवर तांबे जमते, या गुणधर्माचा उपयोग तेथे अठराव्या शतकात करण्यात येत होता. १८७३ साली ब्रिटिश भांडवलावर रिओ तिंतो कंपनी स्थापन झाली आणि उत्पादन मोठ्या प्रमाणावर सुरू झाले. दगडातून तांबे 'आपोआप' पाण्यात उतरते, हे सर्वांना दिसत होते. ते कोण उतरवते, हा प्रश्न मात्र कोणी विचारला नव्हता. ही केवळ हवा-पाण्याची रासायनिक क्रिया आहे, असे गृहीत धरले गेले.

४. एका जीवाणूचा शोध (१८८७ ते १९५१)

या गृहीतकाला पहिला तडा रशियन शास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राद्स्की यांच्या कार्याने गेला. १८८७ साली गंधकयुक्त पाण्यातील जीवाणूंचा अभ्यास करताना हे जीव गंधकाच्या संयुगांच्या ऑक्सिडीकरणातून ऊर्जा मिळवतात, असे त्यांनी दाखवले. निरिंद्रिय द्रव्यावर जगणाऱ्या, म्हणजेच शिलापोषी, जीवांची कल्पना येथून रूढ झाली.

दुसरा टप्पा शेतीच्या गरजेतून आला. अमेरिकेतील न्यू जर्सी राज्यातील रटगर्स येथे स्फुरदयुक्त खडकाचे विद्राव्य खतात रूपांतर करण्याचे प्रयोग चालू होते. माती, गंधक आणि खडकाची पूड यांच्या मिश्रणातून सेलमन वॅक्समन आणि जेकब जॉफी यांनी एक जीवाणू वेगळा केला आणि १९२२ साली त्याचे थायोबॅसिलस थायोऑक्सिडन्स या नावाने वर्णन केले. हा जीवाणू गंधकापासून गंधकाम्ल तयार करतो आणि स्वतः तयार केलेल्या त्या तीव्र आम्लातच वाढतो. पुढे स्ट्रेप्टोमायसिनसाठी १९५२ चे नोबेल पारितोषिक मिळालेल्या वॅक्समन यांच्या कारकिर्दीतील हे आरंभीचे काम होय.

तिसरा टप्पा कोळशाच्या खाणीतील होता. वेस्ट व्हर्जिनियातील खाणींतून बाहेर पडणाऱ्या आम्लजलाने ओढे-नद्या नासल्या होत्या. आर्थर कोल्मर व त्यांचे सहकारी हिंकल यांनी १९४७ साली या आम्लजलाच्या निर्मितीत सूक्ष्मजीवांचा भाग असल्याचा प्राथमिक अहवाल प्रसिद्ध केला. १९५१ साली केनेथ टेंपल आणि कोल्मर यांनी त्यातील लोहाचे ऑक्सिडीकरण करणाऱ्या जीवाणूला थायोबॅसिलस फेरोऑक्सिडन्स हे नाव दिले. २००० साली झालेल्या पुनर्वर्गीकरणानंतर तो ॲसिडिथायोबॅसिलस या प्रजातीत गणला जातो.

यानंतर उद्योगाने या जीवाणूकडे वेगळ्या दृष्टीने पाहिले. यूटा राज्यातील बिंगहॅम कॅन्यनच्या ताम्रखाणीत टाकाऊ दगडाच्या ढिगांतून झिरपणाऱ्या पाण्यात हेच जीवाणू सापडले आणि १९५८ साली केनेकॉट कंपनीच्या संशोधकांना जीवाणूंच्या साहाय्याने धातू मिळवण्याच्या पद्धतीचे एकस्व मिळाले. ओढ्यांची नासाडी करणारा जीव धातुशास्त्रज्ञांच्या हाती आयते साधन म्हणून आला.

५. वेगाचा प्रश्न

हा जीवाणू नेमके काय करतो? पायराइट हे लोह व गंधक यांचे खनिज होय. हवा व पाणी लागल्यावर त्यापासून फेरस लोह आणि गंधकाम्ल तयार होते. फेरस लोहाचे रूपांतर फेरिक लोहात झाले की ते फेरिक लोह पुन्हा पायराइटवर हल्ला चढवते. त्यातून आणखी फेरस लोह व आणखी आम्ल निर्माण होते. असे हे चक्र अखंड चालू राहते. मात्र आम्ल पाण्यात, जीवांच्या अनुपस्थितीत, फेरसचे फेरिक होण्याची क्रिया अत्यंत मंद असते. चक्राचा वेग या एका पायरीवर अडतो.

फिलिप सिंगर आणि वर्नर स्टम यांनी १९७० साली हे मोजून दाखवले. सूक्ष्मजीवांच्या उपस्थितीत ही पायरी दहा लक्ष पटींहून अधिक वेगाने घडते, असा त्यांचा निष्कर्ष होता. खाणीतील आम्लजल ही निव्वळ रासायनिक घटना असल्याचे मत यानंतर टिकणे शक्य नव्हते. कारखान्यात गंधकाम्ल करताना ४०० अंश सेल्सिअसच्या वरचे तापमान आणि उत्प्रेरक लागतो. सूक्ष्मजीव आणि खनिज यांच्या संयोगातून तेच आम्ल नेहमीच्या तापमानाला तयार होते.

अशा पाण्यात पेशी तग धरते ती बाहेरचे आम्ल आत येऊ न दिल्यामुळे. बाहेरचा सामू २ असताना फेरोऑक्सिडन्सच्या पेशीच्या आतील सामू ६.५ च्या आसपास असतो. म्हणजे हायड्रोजन आयनांचे प्रमाण आतल्यापेक्षा बाहेर सुमारे ३० हजार पट असते. आयनांना सहजी वाट न देणारे पेशीपटल, पटलावरील विद्युतभाराची उलट मांडणी आणि आत शिरलेले आयन बाहेर काढणारी यंत्रणा यांमुळे हा समतोल राखला जातो.

६. 'शुद्ध' संवर्धनातील अज्ञात सोबती

येथवरचा इतिहास एका नायकाचा इतिहास वाटतो. प्रयोगशाळेची पद्धतीही त्यास अनुकूल होती. १९५९ साली सिल्व्हरमन आणि डोनाल्ड लुंडग्रेन यांनी फेरोऑक्सिडन्ससाठी लोहाचे भरपूर प्रमाण असलेले '९के' हे माध्यम तयार केले. त्यामुळे हा जीवाणू मोठ्या प्रमाणावर वाढवता येऊ लागला. ज्या जीवाला हे माध्यम मानवते तो वाढतो आणि ज्याला मानवत नाही तो नजरेआड राहतो, ही मर्यादा मात्र दीर्घकाळ दुर्लक्षित राहिली. १९७२ साली मार्कोस्यान यांनी आर्मेनियातील ताम्रखाणीतून लेप्टोस्पिरिलम हा लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा दुसरा जीवाणू वर्णिला. तरीही पुढे बराच काळ संशोधनाचा भर फेरोऑक्सिडन्सवरच राहिला.

खरे आश्चर्य १९८१ साली पुढे आले. शुद्ध समजल्या जाणाऱ्या फेरोऑक्सिडन्सच्या संवर्धनांत एक दुसराच जीवाणू दडून राहत असल्याचे आर्थर हॅरिसन यांनी दाखवले आणि त्यास ॲसिडिफिलियम क्रिप्टम असे नाव दिले. 'क्रिप्टम' या शब्दाचा अर्थच 'लपलेला' असा आहे. हा जीव लोहावर जगत नाही. फेरोऑक्सिडन्स आपल्या पेशीबाहेर जी सेंद्रिय द्रव्ये टाकतो, त्यांवर तो जगतो. ही द्रव्ये साठत गेल्यास खुद्द फेरोऑक्सिडन्सलाच घातक ठरतात. म्हणजे ज्याला भेसळ मानले जात होते, तो यजमानाचे घर स्वच्छ ठेवणारा सोबती निघाला. एका जीवाणूच्या कल्पनेला समुदायाच्या कल्पनेने येथे बाजूला सारण्यास सुरुवात केली.

७. पुण्यातील संशोधनाचे स्थान

याच कालखंडात महाराष्ट्रात या विषयाची एक परंपरा उभी राहत होती. कोलकाता विद्यापीठात वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले शंकर पुरुषोत्तम आघारकर यांच्या पुढाकाराने १९४६ साली पुण्यात महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स ही संस्था स्थापन झाली. तिच्या संशोधन संस्थेस १९९२ पासून आघारकर संशोधन संस्था असे नाव आहे.

या संस्थेतील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ ए. डी. आगटे यांचे नाव भू-सूक्ष्मजीवशास्त्राच्या संदर्भात विशेष उल्लेखनीय आहे. १९६९ साली आगटे, कोर्चिन्स्की आणि लुंडग्रेन यांचा एक शोधनिबंध प्रसिद्ध झाला. लोहाचे ऑक्सिडीकरण करणारा हा जीवाणू ज्या द्रवात वाढवला होता, त्या द्रवातील पेशीबाहेरील संकुल हा त्याचा विषय होता. पुढे ज्या सोबत्याचा शोध लागला, त्याचे अन्न म्हणजे अशीच पेशीबाहेर पडणारी द्रव्ये होत. त्यामुळे समुदायाच्या संकल्पनेकडे मागे वळून पाहताना या कामाचे महत्त्व जाणवते. १९७३ साली आगटे आणि वुल्फ विश्नियाक यांनी थायोबॅसिलसच्या विविध जातींतील मेदाम्लांवरून त्या ओळखण्याविषयी संशोधन प्रसिद्ध केले. विश्नियाक हे मंगळावरील जीवसृष्टी शोधण्यासाठी उपकरण तयार करणारे शास्त्रज्ञ होते. त्याच वर्षाच्या डिसेंबर महिन्यात अंटार्क्टिकातील संशोधन मोहिमेवर असताना त्यांचा अपघाती मृत्यू झाला. पुढे २००४ साली ऑपॉर्च्युनिटी या यानाला मंगळावर जॅरोसाइट हे आम्ल पाण्यात तयार होणारे खनिज आढळले. रिओ तिंतोच्या पात्रातही ते सापडते. आम्लप्रिय जीवांचा अभ्यास आणि परग्रहावरील जीवसृष्टीचा शोध यांचा संबंध त्यामुळे अधिक दृढ झाला.

आगटे आणि त्यांच्यानंतर किशोर पाकणीकर यांच्या कामामुळे पुण्यात सूक्ष्मजीव व धातू यांच्या परस्परसंबंधाचा अभ्यास रुजला. कमी प्रतीच्या खनिजातून धातू मिळवणे आणि सांडपाण्यातून धातू वेगळे करणे ही एकाच ज्ञानाची दोन अंगे आहेत, ही दृष्टी या कामातून दिसते.

८. समुदायाचे संपूर्ण चित्र

समुदायाचा पट क्रमाक्रमाने विस्तारत गेला. १९७० साली थॉमस ब्रॉक व त्यांच्या सहकाऱ्यांनी इंडियानातील जळत्या कोळसा-कचऱ्याच्या ढिगातून थर्मोप्लाझ्मा हा पेशीभित्तिका नसलेला सूक्ष्मजीव शोधला. १९७२ साली सल्फोलोबस हा उष्ण व आम्ल झऱ्यांतील जीव वर्णिला गेला. १९७७ साली कार्ल वूज आणि जॉर्ज फॉक्स यांनी मांडलेल्या वर्गीकरणातून पुढे या जीवांची गणना आर्किया या स्वतंत्र गटात झाली. १९९५ साली जपानमधील होक्काइडो येथील पिक्रोफिलसचे वर्णन आले. त्याची उत्तम वाढ ०.७ इतक्या सामूला होते.

निर्णायक काम आयर्न माउंटन येथे झाले. जिलियन बॅनफिल्ड व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली तेथून फेरोप्लाझ्मा हा आर्किया वर्णिला. २००४ साली त्याच खाणीतील पाण्यावर तरंगणाऱ्या गुलाबी थरातील सर्व जनुकीय द्रव्य एकत्रितपणे वाचण्यात आले आणि त्यावरून लेप्टोस्पिरिलम व फेरोप्लाझ्मा यांच्या दोन जीनोमांची जवळजवळ पूर्ण, तर आणखी तिघांची अंशतः पुनर्रचना करण्यात आली. प्रयोगशाळेत जीव न वाढवता संपूर्ण समुदाय वाचण्याच्या पहिल्या यशस्वी प्रयत्नांपैकी हा एक होय. पाच दशके मुख्य मानला गेलेला फेरोऑक्सिडन्स या अतिआम्ल थरात प्रमुख नव्हता. तो तुलनेने सौम्य आम्लात आणि कमी तापमानात प्रबळ ठरतो. समुदायाचा हा पट जीवाणू व आर्किया यांच्यापुरताही मर्यादित नाही. २००२ साली रिओ तिंतोच्या पाण्यात शैवालांसह केंद्रकयुक्त जीवांचे मोठे वैविध्य असल्याचे प्रसिद्ध झाले.

या जीवसृष्टीलाही मर्यादा आहे. इथिओपियातील डालोल येथील अतिआम्ल व अतिखारट कुंडांत सक्रिय जीवसृष्टी आढळत नाही, असा निष्कर्ष २०१९ साली एका संशोधक गटाने काढला. त्याच वर्षी दुसऱ्या गटाने तेथे अतिसूक्ष्म जीवांचे अवशेष असल्याचा दावा केला होता. हा वाद उद्बोधक आहे.

९. महाराष्ट्र व लगतचा प्रदेश

आता मूळ प्रश्नाकडे वळता येईल. कळंबच्या ओढ्यात असा समुदाय का नाही? याचे उत्तर खडकात आहे. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या दख्खनच्या बेसॉल्टमध्ये पायराइटसारखी सल्फाइड खनिजे अत्यल्प असतात. उलट कॅल्शियम व मॅग्नेशियम असलेली खनिजे भरपूर असतात. ती झिजताना आम्ल शोषून घेतात. काळ्या मातीत आढळणारे चुनखडीचे खडे याच गुणधर्माची साक्ष देतात. बुलढाणा जिल्ह्यातील लोणार सरोवर बेसॉल्टमध्येच असून त्याचे पाणी आम्लाच्या विरुद्ध टोकाचे म्हणजे तीव्र अल्कधर्मी आहे.

खाण आहे म्हणून आम्लजल असलेच पाहिजे असेही नाही. गोव्यातील लोहखनिज प्रामुख्याने ऑक्साइड स्वरूपाचे आहे, त्यात सूक्ष्मजीवांना लागणारे सल्फाइड जवळजवळ नाही. विदर्भातील गोंडवन काळातील कोळशात गंधकाचे प्रमाण सामान्यतः कमी असते. याउलट मेघालयातील कोळसा गंधकयुक्त असल्याने जैंतिया टेकड्यांतील नद्या आम्लजलाने बाधित झाल्या. तेथील अरुंद बिळांच्या खाणींवर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने २०१४ साली बंदी घातली.

महाराष्ट्राच्या सीमेलगत मात्र या समुदायाचे एक घर आहे. गोंदियाच्या उत्तरेस, मध्य प्रदेशातील बालाघाट जिल्ह्यात मलांजखंड येथे हिंदुस्थान कॉपर लिमिटेडचा ताम्रप्रकल्प १९८२ साली सुरू झाला. १९५६ पर्यंत हा जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या जुन्या मध्य प्रदेश राज्याचाच भाग होता. येथील तांबे ग्रॅनाइट वर्गातील खडक आणि गारगोटीच्या शिरांत, सल्फाइड स्वरूपात आहे. या खडकात बेसॉल्टप्रमाणे आम्ल शोषण्याची क्षमता नाही. येथील विषारी खाणजलाविषयीचा अभ्यास २००७ साली, तर खाणीच्या अवशिष्ट गाळातील सूक्ष्मजीव समुदायाचा जनुकीय अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. जमशेदपूरच्या राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेत मलांजखंडच्या कमी प्रतीच्या खनिजातून जीवाणूंच्या साहाय्याने तांबे काढण्याचे प्रयोगही झाले आहेत. एकच समुदाय एका बाजूस पाणी बिघडवतो आणि दुसऱ्या बाजूस धातू मिळवून देतो. चंद्रपूर जिल्ह्यात ठाणेवासना येथे ताम्रखनिजाची नोंद आहे. त्यामुळे हा प्रश्न महाराष्ट्राच्याही दारात उभा आहे.

बेसॉल्टच्या प्रदेशातही आम्लप्रिय जीवांना सर्वस्वी अटकाव नाही. १९४५ साली पार्कर यांनी मेलबर्नच्या भुयारी गटारांतील काँक्रीट झिजण्याचे कारण शोधताना गंधकाचे ऑक्सिडीकरण करणारा जीवाणू वेगळा केला. सांडपाण्यातून निघणारा हायड्रोजन सल्फाइड वायू नळाच्या छताला लागतो आणि तेथील ओलाव्यात सूक्ष्मजीव त्याचे गंधकाम्ल करतात. काँक्रीटच्या पृष्ठभागाचा सामू १ ते २ पर्यंत खाली येऊ शकतो. नागरीकरण वाढत असलेल्या कर्जत-खोपोलीसारख्या भागात बंदिस्त गटारांची आखणी करताना ही बाब ध्यानात घेणे आवश्यक आहे.

१०. निष्कर्ष

१. खाणीतील आम्लजल ही केवळ रासायनिक घटना नाही आणि ते एका जीवाणूचे कृत्यही नाही. लोहावर जगणारे, गंधकावर जगणारे आणि या दोघांच्या त्याज्य द्रव्यांवर जगणारे जीव मिळून ते घडवतात.

२. 'एक जीवाणू' ही कल्पना दीर्घकाळ टिकण्यास प्रयोगशाळेतील संवर्धनाची पद्धती बऱ्याच अंशी कारणीभूत होती. साधन जे दाखवते तेवढेच वास्तव मानण्याचा धोका या इतिहासातून स्पष्ट होतो.

३. पेशीबाहेरील द्रव्यांच्या अभ्यासातून पुण्याच्या संशोधकाने या विषयात आरंभीच्या काळातच सहभाग दिला, ही महाराष्ट्राच्या विज्ञानेतिहासात नोंद घेण्याजोगी बाब आहे.

४. एका जीवाणूला मारून आम्लजल थांबत नाही, कारण त्याची जागा घेणारे दुसरे जीव समुदायात असतात. उपाय एकच उरतो : सल्फाइडयुक्त दगडाला हवा व पाणी लागू न देणे. हा उपाय खाण चालू असतानाच योजावा लागतो. आयर्न माउंटन येथील खाणकाम १९६३ साली थांबले. तरीही १९८३ साली ती जागा अमेरिकेच्या अतिधोकादायक स्थळांच्या यादीत घालावी लागली आणि तेथील आम्लजलावर पुढील हजारो वर्षे प्रक्रिया करावी लागेल, असा अंदाज आहे. मलांजखंड असो वा उद्या चंद्रपुरात उघडणारी एखादी ताम्रखाण असो, टाकाऊ दगडाचे ढीग कोठे व कसे रचावयाचे आणि खाण बंद झाल्यावर त्यांची जबाबदारी कोणाकडे राहणार, हे पहिला सुरुंग लागण्यापूर्वी ठरले पाहिजे. कळंबच्या ओढ्याला जे संरक्षण काळ्या पाषाणाने आपसूक दिले आहे, ते ग्रॅनाइटच्या प्रदेशाला माणसालाच द्यावे लागेल.